जिवाणी

सकाळी साडेसहाला दात घासत मी मागच्या दारातून आत आलो, तेव्हा आई टाकीपाशी उभी होती. एका हातानं तिनं गाळण्याचं फडकं टाकीच्या पाण्यावर उलटं धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं तांब्यातून त्यावर टाकीतलंच पाणी सोडत होती. अगदी सावकाश, तान्ह्या पोराच्या टाळूवर तेल सोडावं तसं. फडक्याला चिकटलेला तांबूस गाळ सुटत होता आणि खाली वाळूवर जाऊन बसत होता. तो गाळ मी ओळखला. काल संध्याकाळी गुडघे टेकून, रबरी नळी लावून, पाऊण तास खपून मी तोच टाकीच्या तळातून ओढून बादलीत काढला होता. आईचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तिचे ओठ हलत होते. मी आलो तसा मागे फिरलो आणि मोरीत जाऊन पुन्हा दात घासायला लागलो. घासलेले दात परत घासणारा माणूस किती मूर्ख दिसतो ते आरशात बघितल्याशिवाय कळत नाही, आणि आमच्या मोरीत आरसा होता.

सोळा दिवस मी काढत होतो आणि ती घालत होती. टाकीत दहा मासे होते, त्यांतला एक उरला होता. चार फुटांची काचेची टाकी, तीत समुद्राचं पाणी, वेंगुर्ल्याच्या खडकांतून ओहोटीला वेचून आणलेले दगड, प्रवाळाचा एक तुकडा, दोन समुद्रफुलं, शंखात राहणारे चार खेकडे आणि बोटाएवढे दहा मासे. टिळकवाडीत भाड्याच्या दोन खोल्यांत समुद्र मांडून बसलेला प्राध्यापक म्हणून मी गल्लीत आधीच पुरेसा हास्यास्पद होतो. मग एका माशाच्या शेपटीवर रव्याच्या कणाएवढा पांढरा ठिपका आला. दुसऱ्या दिवशी चार ठिपके. मासा दगडावर अंग घासायला लागला, कल्ले भराभर उघडझाप करायला लागला, आणि पाचव्या दिवशी पाण्यावर आडवा झाला. हा ठिपका म्हणजे एक जीव असतो. माशाच्या कातडीखाली शिरून तो पोसतो, मग गळून तळाशी पडतो, भोवती कवच करतो, आत एकाचे शेकडो होतात आणि एके दिवशी कवच फोडून सगळे नवा मासा शोधायला निघतात. औषध म्हणजे मोरचूद. पण मोरचुदानं समुद्रफुलं आणि खेकडे आधी मरतात. दोन मासे वेगळ्या घमेल्यात काढून मोरचुदात ठेवून पाहिले, ते सकाळपर्यंत गेले, औषधानं की धास्तीनं कोण जाणे. राहता राहिला एकच उपाय, कवचं फुटायच्या आत तळाचा गाळ रोज उपसून फेकून देणे. फेकायचं काम आईनं आपणहून मागून घेतलं होतं. "बादली मी वतते रं, तू जा कालेजला." मला केवढं बरं वाटलं होतं. आई माझ्या कामात हात घालतेय, म्हणून मी सोळा दिवस मनातल्या मनात मांडे खात होतो.

ती बादली फडक्यातून गाळूनच ओतत होती. तिची चूक नव्हती. आम्ही जैन, बोरगावात आमच्या विहिरीवर हेच चालायचं. पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय घरात यायचं नाही, आणि फडक्यावर जे उरतं ती जिवाणी. तीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत पोचवायचे. वरून ओतायचे नाहीत, आपटून मरतात. त्यासाठी बुडाशी कडी असलेली एक छोटी कळशी होती. जिवाणी तीत घालून दोरानं अलगद पाण्यापर्यंत सोडायची, पाण्याला टेकली की कडीचा दोर ओढून कलंडवायची. ते काम माझ्याकडे असायचं. सहा-सात वर्षांचा असेन. कठड्यावर पोट टेकून मी खाली बघायचो आणि आई मागून माझी चड्डी धरून उभी असायची. "सावकास. घर आलं त्यांचं," म्हणायची. मला खरंच वाटायचं की खाली कुणीतरी दार उघडून त्यांना आत घेतं. आप्पा तंबाखूचे व्यापारी होते, निपाणीला वखार होती. तंबाखूच्या रोपांवर मोरचुदाची आणि त्याहून जहाल औषधांची फवारणी व्हायची हे त्यांना ठाऊक होतं, पण आपण तंबाखू विकतो, पिकवत नाही, असं ते म्हणायचे आणि गाळलेलं पाणी प्यायचे. आईनं मात्र असली सवलत कधी घेतली नाही. पावसाळ्यात ती पालेभाजी खात नव्हती, दिवस मावळल्यावर तोंडात काही घालत नव्हती. एकदा तिच्या हातून दारात पाल चिरडली, तर तिनं तीन दिवस अन्न सोडलं. तेव्हा ती पन्नाशीत होती. आता ती सत्तरीला टेकली आहे. पालीला तीन दिवस तर नऊ माशांना किती, हे त्रैराशिक त्या सकाळी चहा उकळत असताना माझ्या डोक्यात आपोआप मांडलं गेलं आणि मी गॅस बंद केला. माझ्या आईला मी ही गोष्ट सांगितली तर ती मरेल, असं मला सरळ वाटलं.

सांगितली नाही तर काय, हाही प्रश्न होताच. मी म्हणू शकलो असतो, की उद्यापासून बादली मीच ओततो. ती म्हणाली असती, का रं? मग मला खोटं बोलावं लागलं असतं. खोटं बोलण्यात मी काही कच्चा नाही. उलट त्यात माझा हातखंडा आहे आणि तीच तर सगळी अडचण आहे. कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा घरी मी वनस्पतिशास्त्र सांगितलं होतं. चार वर्षं सुट्टीत गेलो की बोरगावच्या शेतातल्या झाडांची लॅटिन नावं आप्पांना म्हणून दाखवायचो, निम्मी माशांची असायची. आप्पा गेले ते मुलगा झाडांचा मास्तर झाला या समाधानात. पहिल्या वर्षीची एक गोष्ट मला अजून टोचते. आमच्याच विहिरीचं बाटलीभर पाणी मी बरोबर नेलं होतं, त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, आणि ते दिसले. हलत होते, फिरत होते, एकमेकांवर आदळून वाट बदलत होते. मी तिथल्या तिथे पत्राला कागद घेतला आणि लिहिलं, 'आई, ते आहेत.' मग आठवलं की मी वनस्पतिशास्त्र शिकतोय, आणि कागद चुरगाळून टाकला.

मग बेडूक आले. बेडकाचा मेंदू सुईनं निकामी करायचा, पोट उघडायचं, आणि काळीज धडधडत असताना एकेक शीर मोकळी करून दाखवायची. पहिल्या वेळी मी बाहेर जाऊन ओकलो. दहाव्या वेळी नाही. शंभराव्या वेळी मुलं माझ्याभोवती गर्दी करायला लागली, कारण माझा हात फार स्वच्छ चालायचा. कौतुक ही वाईट गोष्ट आहे. कौतुकापायी माणूस काय करील याचा नेम नाही. सत्त्याहत्तर साली निपाणीला एका लग्नात आईच्या मावसबहिणीची मुलगी चंदना, माझीच विद्यार्थिनी, पंगतीत सगळ्यांसमोर आईला म्हणाली, "मावशी, सरांचा हात काय सांगू! बेडकाचं काळीज तास संपला तरी उडतच असतंय." आई वाढत होती. तिनं हातातली पुरी त्या पानात नीट ठेवली, पुढच्या पानाकडे गेली, आणि पंगत संपेपर्यंत वाढत राहिली. मला ती एक अक्षर बोलली नाही. पुढची सहा वर्षं ती वर्षातून एकदा बोरगावहून बसनं यायची, सोबत झाकणाच्या तांब्यातून स्वतःचं पाणी आणायची, खुर्चीच्या काठावर बसायची आणि त्याच दिवशी परतायची. माझ्या घरात पाण्याचा थेंब तिनं घेतला नाही. रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी भांडलो असतो. भांडणात मी बरा आहे. पण तांब्याशी काय भांडणार?

टाकी मी तिच्यासाठी केली असं म्हणणं सोपं आहे आणि ऐकायला छान आहे, म्हणूनच मला त्याचा संशय येतो. खरं एवढंच, की एका उन्हाळ्यात मला कळलं, कुठलाही प्राणी दिसला की मी त्याला मनात कुठून कापायचं ते बघतो. रस्त्यावरचं कुत्रं, शेजाऱ्यांचं मांजर. भीती वाटली. म्हणून काहीतरी जिवंत ठेवून बघू, असं वाटलं. मी आईला पत्रात सगळं लिहिलं, काही न लपवता. मासे काय खातात तेही लिहिलं. श्रावणात ती कपड्यांची पिशवी घेऊन आली आणि राहिली. पहिल्या दिवशी तासभर टाकीसमोर पाट टाकून बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं माझ्या माठातलं पाणी गाळून घेतलं आणि प्याली. मी पेपर वाचत असल्याचं सोंग करत होतो. मग बाहेर पडलो आणि लष्कराच्या कॅम्पापर्यंत उगाचच चालत गेलो आलो, रस्त्यात कुणी भेटलं असतं तर सांगितलं असतं, कुणी भेटलं नाही. त्या संध्याकाळी ती म्हणाली होती, "जिनू, वाईट असंल तर वाईट म्हून सांग. पर आता माज्याशी खोटं बोलू नगंस. माजं वय ऱ्हायलं न्हाय खोटं सोसायचं."

गणपतीची सुट्टी होती, कॉलेज बंद. घरात बसवेना म्हणून मी मासळीबाजारात मष्णूला भेटायला गेलो. मष्णू वेंगुर्ल्याहून मासळीचा ट्रक आणतो आणि त्यात बांगड्याच्या पेट्यांशेजारी माझ्यासाठी समुद्राच्या पाण्याचे दोन कॅन. जैनाच्या पोरासाठी आपण पाणी भरतो याची त्याला फार मौज वाटते. कॅन रिक्षात चढवता चढवता मी त्याला सगळं सांगून टाकलं. त्यानं विडी विझवली, कानावर ठेवली.

"सर, दर्यातबी हे किडं असतेतच की," तो म्हणाला. "पर तिथं मासा एका जागी ऱ्हातोय कुठं? किड्याला मासा गावतच न्हाय. तुमच्या पेटीत बिचारा जाईल कुठं?"

"ते खरं. पण आईला काय सांगू?"

"काय सांगू नका. म्हाताऱ्या माणसाला खरं सांगून कुनाचं भलं झालंय? बादली तुमी वता, पाठ दुकतीया म्हना, व्यायाम म्हना."

"ती विचारेल."

"मग सांगा कायबी! तुमी मास्तर हाय, पोरांस्नी रोज सांगता की." आणि तो हसला. मीही हसलो. बाजारात माणूस कशालाही हसतो.

रिक्षात पायांशी कॅन डुचमळत होते. मष्णूचं म्हणणं मला पटत होतं, यात शंका नाही. खोट्यानं मासा वाचणार होता, आई वाचणार होती, काहीच बिघडत नव्हतं. पण मला आतून ठाऊक होतं, की त्या खोट्यानंतर माझ्या घरचं पाणी पिणारी बाई कुणी दुसरीच असेल, जिला मी पुन्हा फसवतोय ती. आणि खरं सांगितलं तर मी काय म्हणणार होतो? की आई, तू दया केलीस आणि त्या दयेनं नऊ मासे मारले. हे वाक्य मी रिक्षात मनाशी म्हणून पाहिलं. त्यात मला एक बारीकशी चव आली, आणि मी दचकलो. सहा वर्षं तिनं तोंड न उघडता मला पापी ठरवलं होतं. आता माझ्याकडे तिचं पाप होतं. मला ते तिला दाखवायचं होतं का? थोडंसं का होईना, दाखवायचं होतं. इतका हलका विचार स्वतःच्या आईबद्दल आपल्या मनात असू शकतो हे कळल्यावर घर येईपर्यंत मी नुसतं बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचत बसलो, कन्नड आणि मराठी, दोन्ही.

आमच्या भाद्रपदातल्या पर्वाचे, उपासांचे दिवस, ती एकदाच जेवायची. दुपारी तिचं जेवण उरकलं होतं आणि ती टाकीपाशी बसली होती. उरलेला मासा, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेला, प्रवाळाच्या आडोशाला एका जागी थरथरत होता. त्याच्या उजव्या डोळ्यावर पांढरा कण होता.

"ह्योबी जानार काय रं?" तिनं विचारलं.

"बघू."

"कशानं मरत्यात? तू एवडा शिकल्याला. तुला ठावं असंल की."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. विचारून मोकळी झाली होती, वाट बघत होती. आता खोटं बोलायचं तर डोळ्यांत बघून बोलावं लागणार होतं. तोंडानं खरं सांगायचं धैर्य मला झालं नाही, म्हणून मी यंत्राकडे वळलो. सुट्टीपुरता कॉलेजातून आणलेला सूक्ष्मदर्शक कपाटात होता, तो खिडकीत मांडला. नळी लावून तळाचा गाळ बादलीत ओढला, बादली भरत आली तशी नळी काढली, गाळातला एक थेंब काचेवर घेतला आणि आईला स्टुलावर बसवलं. एक डोळा मिटून दुसऱ्यानं बघायचं हे तिला जमेना. आधी तिला स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग मी मागे उभा राहून तिचा डावा डोळा माझ्या तळहातानं झाकला. तिचं कपाळ गार होतं.

"अंधार हाय."

"थांब. फिरवतो."

"आता उजेड दिसतुया. आन् ... जिनू." तिनं माझं मनगट धरलं. "हालतंय की रं!"

"हं."

"गोल हाय ते फिरतंय जाग्यावर. आन् ही बारकी बारकी... आयायाया, किती पळत्यात! जित्ती हायत!" ती बघतच राहिली. मान दुखली असेल, पण हलेना. मग तशीच, डोळा न काढता, हळू आवाजात म्हणाली, "माजी आई सांगायची, थेंबात मोजता येनार न्हाईत एवडं जीव असत्यात. मी व्हय म्हनायची. सत्तर वरसं गाळलं बाबा. पर मनात किंतु हुता. असतीलबी, नसतीलबी. कुनाला बोलले न्हाय मी ह्ये कदी." तिच्या बंद डोळ्यातून माझ्या तळहातावर ओल आली. "हायत रं. खरंच हायत."

याहून आनंदी मी तिला कधी पाहिलं नव्हतं, माझ्या पदवीला नाही, नोकरीला नाही. मी तिथेच थांबू शकलो असतो. कुठलाही शहाणा मुलगा तिथेच थांबला असता. पण तिनं डोळा काढला, माझ्याकडे वळली आणि विचारलं, "ह्ये कुटलं पानी?"

"टाकीच्या तळाचं." माझा आवाज वर्गातल्यासारखा निघाला. "आई, हेच जीव माशांच्या अंगात शिरतात. ह्यांनीच मासे मरतात. मी रोज तळातून काढत होतो ते हेच. आज सकाळी मी बघितलं, तू फडकं टाकीत धुतलंस."

तिनं पदरानं डोळा पुसला. पुन्हा वाकून यंत्रातून पाहिलं, या वेळी स्वतःच्या हातानं डावा डोळा झाकून. बराच वेळ पाहिलं. बाहेर गल्लीतल्या मंडपात लाउडस्पीकर तपासणारा माणूस एक, दोन, तीन म्हणत होता आणि पुन्हा एकपासून सुरू करत होता.

"समदे नऊ माज्या हातानं?" ती म्हणाली.

"तसं नाही. दोन मी घमेल्यात मारले. आणि पहिला तर तू बादली घ्यायच्या आधीच..."

"म्हंजी सहा."

ती अन्न सोडणार, आता ती म्हणणार, बोरगावची बस किती वाजता आहे, याची मी वाट बघत उभा होतो. तिनं विचारलं ते भलतंच. "मासा वाचवायचा तर ह्यास्नी माराय लागनार?"

"हो."

"न्हाय मारलं तर मासा मरनार. मग ह्येबी मरत्यात?"

"मासाच नसेल तर हो. काही दिवसांनी तेही मरतात."

"म्हंजी कायबी केलं तरी कोन तरी मरतंयच." ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाली. "आन् ह्ये तुला ठावं हुतं. तू ह्येच्यातच ऱ्हातोस, रोज." हे ती रागानं बोलली नाही. सहा वर्षांत मी तिला द्यायची कितीतरी उत्तरं पाठ करून ठेवली होती, त्यांतलं एकही या वाक्याला लागू नव्हतं.

बादली दाराशी होती, काठोकाठ भरलेली. मी जाऊन तिची कडी धरली. आईनं माझा हात बाजूला केला.

"सोड."

"आई, जड आहे. आणि हे तुझं काम नाही. मी ओततो."

"तुज्या हातनं लई झालं," ती म्हणाली. "आनखी कशाला? मी म्हातारी हाय, माजं काय ऱ्हायलंय. ह्ये माज्या हातनं हूं दे."

तिनं दोन्ही हातांनी बादली उचलली. पाणी हिंदकळून तिच्या लुगड्याच्या काठावर सांडलं. मागच्या दाराची पायरी ती एक पाय टेकवून, मग दुसरा त्याच्याशेजारी आणून, अशी उतरली. गटारापाशी जाऊन बादली खाली ठेवली, दम घेतला, हात जोडले, आणि ओणवी होऊन ओतायला लागली. फडकं तिच्या खांद्यावर होतं, ते तिनं काढलं नाही. मी चौकटीला टेकून बघत होतो. चार पावलांचं अंतर होतं. बादली तिच्या हातून काढून घ्यायला मला काही जोर लागला नसता, आणि बादली रिकामी व्हायला चांगला वेळ लागला. मी पुढे झालो नाही. मला लाज वाटत होती, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटत होतं.